दरवाजातून पायी

माझी बायको म्हणते, मी आयुष्यात जेवढं चाललो तेवढ्यात काशीला दोनदा जाऊन आलो असतो. तिचं म्हणणं खोटं नाही. फक्त ते सगळं चालणं मी रेवदंड्याच्या कोटाच्या आतच केलं. चौलकडच्या दरवाजातून आत शिरायचं, पेठेतून वाड्यांकडे वळायचं, पडक्या देवळांमधून आणि मनोऱ्याखालून खाडीकडच्या तटाशी पोचायचं आणि समुद्राच्या काठाने परत यायचं. तीन तासांची फेरी. ती मी वीस-बावीस वर्षं पाहुण्यांना घडवली. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून बसून लिहितो आहे.

ज्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेवदंडा हे तटाच्या आत वसलेलं गाव. फिरंग्यांच्या अमदानीत इथे मोठं शहर होतं. त्यांची देवळं, मठ, उंच मनोरा, घरं सगळं काळ्या घडीव दगडाचं. ते गेले, छपरं पडली आणि त्या भिंतींच्या मधोमध आमच्या माणसांनी माडा-पोफळींच्या वाड्या केल्या. एखाद्या घराच्या मागल्या दारी विहीर असते आणि विहिरीच्या काठाला कोरीव वेल असते. एखाद्या गोठ्याची मागची भिंत म्हणजे प्रार्थनामंदिराचा कोपरा असतो. माझे वडील अशाच एका वाडीत माडी काढायचे. मी मराठी सातवी झालो आणि शेजारच्या वाडीत सुपारी सोलायच्या कामाला लागलो.

थंडीत मुंबईची मंडळी हवापालटाला यायची. आगबोटीने रेवसला उतरायची, तिथून टांग्याने किंवा मोटारीने अलिबाग आणि पुढे आमच्याकडे. एकदा मालकांकडे उतरलेल्या पाहुण्यांना गाव दाखवून आण, असं मला सांगण्यात आलं. मी दाखवून आणलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या ओळखीचे आले, त्यांनी माझं नाव घेऊनच विचारलं. सुपारीचं काम असं हळूहळू सुटलं.

लोकांना वाटतं, वाटाड्याचं काम म्हणजे पुढे चालायचं आणि बोट दाखवायचं. तसं नसतं. जुन्या कोरीव लेखांची झिजलेली अक्षरं वाचायची तर सकाळी लवकर जावं लागतं, कारण ऊन तिरपं असेपर्यंतच दगडावरचे खळगे सावली धरतात. ऊन वर आलं की अक्षरं दिसेनाशी होतात. मग दगडावर तांब्याभर पाणी ओतायचं, ओलाव्यात ती पुन्हा उमटतात. समुद्राकडची बाजू ओहोटीला दाखवायची. माडावर कुणी चढलेला असेल तर पाहुण्यांना आधी थांबवायचं. हातात कोयता आणि पायापुढे काठी हवीच, पडक्या भिंतींत सापांची वस्ती असते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ज्या घराच्या परसात कोरीव दगड आहे त्या घरच्या बाईची परवानगी. ती धुणं धूत असेल तर धुणं होईपर्यंत पाहुण्यांना मी अंगणाबाहेर उभं करायचो. त्यात एक बडे साहेबही एकदा अर्धा तास उभे राहिले होते.

पाहुणे नाना तऱ्हेचे असत. एक पारशी बाई दर वर्षी यायच्या, त्यांना फक्त विहिरी पाहायच्या असत. प्रत्येक विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन त्या चाखायच्या आणि गेल्या वर्षीपेक्षा गोड की मचूळ ते सांगायच्या. एक शास्त्रीबुवा पडक्या फिरंगी देवळाच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि आत काय आहे ते मला ओरडून सांगायला लावायचे.

आता माझी लबाडीही सांगितली पाहिजे. पुढची गोष्ट तिच्याशिवाय कळायची नाही.

मनोऱ्यामागे एका पडक्या मठात जमिनीला एक भोक होतं. तिथे मी पाहुण्यांना थांबवायचो आणि आवाज खाली आणून सांगायचो, की इथून खाडीखालून थेट कोर्लईच्या किल्ल्यात भुयार गेलंय. एकदा एक लग्नाचं वऱ्हाड त्यात शिरलं ते परत आलं नाही. कान लावलात तर आजही ढोल ऐकू येतो. पाहुणे चांगल्या कपड्यांनिशी जमिनीवर ओणवे व्हायचे. आणि खरोखरच आत धप्‌ धप्‌ असा आवाज यायचा. बायका पदर तोंडाला लावायच्या. या एका भुयारावर माझं नाव अलिबागपर्यंत गेलं होतं.

सबनीस नावाचे एक गृहस्थ मुंबईहून यायचे. इमारतींचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती, आता निवृत्त होते. बारीक अंगाचे, कोटाच्या खिशात सुतळीचा गुंडा आणि ओळंबा बाळगणारे. पहिल्या खेपेला त्यांनी ढोल ऐकला. चार दिवस राहिले, रोज एकटेच मठात जाऊन आले. निघायच्या दिवशी मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "सखाराम, हे वऱ्हाड फक्त भरतीलाच ढोल का वाजवतं?"

लाटा तटाच्या पायावर आदळतात आणि तो आवाज पोकळीतून वर येतो, हे मला माहीत होतं. त्यांनी ते चार दिवसांत ओळखलं होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, की तुझा आवाज चांगला आहे, पाय चांगले आहेत, आता थोडं खरं शिकून घे. पुढच्या खेपेपासून त्यांनी मला भिंती वाचायला शिकवलं. चुन्यात बसवलेला दगड कोणता आणि मातीत बसवलेला कोणता, छिन्नीची धार बदलली की दगडावरचे घाव कसे बदलतात, कमानीच्या माथ्याचा दगड काढला तर बाकीचे का पडतात. पाच-सहा हिवाळे ते येत राहिले. मी पुष्कळ शिकलो. पण भुयार मात्र सोडलं नाही. ते मुंबईला परतले, की माझं वऱ्हाड पुन्हा ढोल वाजवायला लागायचं. लोकांना आवडतं ते दाखवायला काय हरकत आहे, असं मी स्वतःला समजावत होतो. सबनीसांना काचबिंदू झाला, नजर जात चालली आणि त्यांचं येणं थांबलं.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी चौलकडच्या दरवाजाचा प्रश्न उभा राहिला.

हा दरवाजा म्हणजे माझ्या फेरीची सुरुवात. बाहेरची कमान, आत एक वळण आणि मग दुसरी कमान. शत्रूला सरळ धावत येता येऊ नये म्हणून केलेलं ते वळण. बैलगाडी जेमतेम फिरायची. मोटार फिरायची नाही. अलिबागहून येणारी सर्व्हिस मोटार दरवाजाबाहेरच थांबायची आणि खाडीवरची मासळी कोळणी डोक्यावर घेऊन तिथपर्यंत चालत यायच्या. मोटार इस्माईलभाईंची होती. भाई म्हणजे कोकणी मुसलमान, वाडवडिलांची गलबतं होती, यांनी गलबत विकून मोटार घेतली. मोठा आवाज, मोकळा हात, आणि माझ्याशी चांगला जिव्हाळा. माझे निम्मे पाहुणे त्यांच्याच मोटारीतून उतरायचे.

त्या पावसाळ्यात खाडीवरच्या एका कोळ्याचा पाय दोन होड्यांच्या मध्ये चेंगरला. त्याला फळीवर घालून चिखलातून दरवाजापर्यंत आणलं. मोटारीत चढवून अलिबागला नेईपर्यंत फार वेळ गेला आणि पाय कापावा लागला. मोटार खाडीपर्यंत जात असती तर पाय वाचला असता, असं गावात जो तो म्हणू लागला. इस्माईलभाईंनी स्वतः त्याला उचलून मोटारीत ठेवलं होतं. त्यांनी बांधकाम खात्याकडे अर्ज केला, गावाने सह्या दिल्या, आणि दिवाळीनंतर बातमी आली की दरवाजाच्या दोन्ही कमानी आणि बाजूचा तट पाडून रस्ता सरळ करायचा आहे. निघालेला दगड फोडून त्याच रस्त्यावर घालायचा.

पेठेतल्या धर्मशाळेत गावाची बैठक झाली. मी उठून उभा राहिलो. हा दरवाजा तीन-चारशे वर्षांचा आहे, असं काम आता कुणी करत नाही, पाडला तर पुन्हा उभा राहायचा नाही, असं काहीबाही बोललो. इस्माईलभाई शांतपणे ऐकत होते. मग ते म्हणाले, "सखाराम, तू तर खाडीखालनं भुयार बी नेतोस. त्यात वऱ्हाड बी नाचवतोस. तुज्या बोलण्यातलं खरं किती आनि खेळ किती, आमी कसं वळखायचं? मी त्या मानसाचा पाय बघितलाय. तो खरा हाय."

लोक हसले. वाईट हेतूने नव्हे, पण हसले. मी खाली बसलो. भाईंचं काही चुकलं नव्हतं. ज्या गोष्टीवर मी नाव कमावलं तिनेच माझा शब्द हलका केला होता. आणि त्या कोळ्याच्या पायाला माझ्याकडे काय उत्तर होतं? दरवाजा सुंदर आहे, हे काही त्याचं उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सबनीसांना पत्र टाकलं. सगळं लिहिलं, भुयाराचंही लिहिलं. आठ दिवसांत ते आले, मुलीच्या हाताला धरून. मुलगी, कुसुमताई, मुंबईत शिक्षिका होत्या. सबनीसांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. टांग्यातून उतरल्या उतरल्या त्यांनी मला एकच विचारलं, की दरवाजा वाचवायचा आहे की दरवाजा वाचवून रस्ताही द्यायचा आहे? मी म्हटलं, दोन्ही झालं तर बरं. ते म्हणाले, "मग दरवाजाकडे नको. तटाकडे चल."

दोन दिवस आम्ही तटाच्या कडेने चाललो. मी पुढे कोयत्याने निवडुंग तोडायचो, मागून सबनीस भिंतीवर तळहात फिरवत यायचे आणि कुसुमताई पावलं मोजून वहीत लिहायच्या. पाहुण्यांना मी एवढी वर्षं हे गाव दाखवलं, पण माझ्या हातांनी तो तट मी कधी चाचपला नव्हता. सबनीस मधेच थांबून सांध्यात नख घालायचे, वास घ्यायचे, पुढे जायचे. तिसऱ्या सकाळी दरवाजाच्या पश्चिमेला साठेक पावलांवर त्यांचा हात एका जागी थांबला. खाली वर, खाली वर त्यांनी बोटं फिरवली.

"इथे हात बदललाय," ते म्हणाले.

मी पाहिलं. झाडोरा काढल्यावर दिसलं, की भिंतीत खालपासून वरपर्यंत एक सरळ उभा सांधा होता. त्याच्या अलीकडे चुन्यातलं घडीव काम आणि पलीकडे मातीत रचलेला ओबडधोबड दगड. दहा-बारा हात पुढे तसाच दुसरा सांधा. मधला तुकडा मूळ तटाचा नव्हताच. केव्हा तरी तिथे खिंडार पडलं असेल किंवा वाट असेल, ती मागाहून कुणी घाईने बुजवली होती. आतल्या बाजूला पडीक जागा होती आणि ती सरळ पेठेच्या मागच्या गल्लीला भिडत होती. तिथून रस्ता काढला असता तर मोटार वळण न घेता खाडीपर्यंत गेली असती. आयुष्यभर मी त्या निवडुंगाच्या पलीकडून गेलो होतो.

कुसुमताईंनी वडिलांच्या सांगण्यावरून नकाशा काढला. ते डोळे मिटून रेघ सांगायचे आणि त्या ओढायच्या. नकाशा पुरा झाला आणि दोघं परत गेली. खात्याचे ओव्हरसियर साहेब येतील त्यांच्यापुढे उभं राहण्याचं काम माझं, असं सबनीसांनी जाताना बजावलं. खातं त्यांचं नव्हे, गावच्या माणसाचं ऐकेल, असं त्यांचं मत होतं.

ओव्हरसियर तरुण होते, देशावरचे. खुणा करायला आले ते घाईतच. इस्माईलभाई आणि गावातली दहा-पंधरा माणसं सोबत. मी हात जोडून म्हटलं, की साहेब, एक तास माझ्याबरोबर चाला, मग हवं ते पाडा. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि "चला" म्हणाले.

तशी फेरी मी आधी कधी केली नव्हती. दरवाजात त्यांना उभं केलं आणि मला पक्कं माहीत होतं तेवढंच सांगितलं. कमान कशी तोलली आहे, बिजागऱ्यांची भोकं कुठे आहेत, गाड्यांच्या चाकांनी उंबऱ्याचा दगड किती झिजवला आहे. कुठे कुठे "हे मला ठाऊक नाही" असंही म्हणावं लागलं, आणि ते म्हणताना पहिल्या खेपेला जीभ अडखळली. मग तटाकडे निघालो, तेव्हा साहेब हसून म्हणाले, की अलिबागला मी तुमच्या भुयाराबद्दल ऐकलंय, तेही दाखवा.

सगळे माझ्याकडे पाहत होते. इस्माईलभाईसुद्धा.

मी म्हणालो, "भुयार नाही, साहेब. लाटांचा आवाज आहे तो. मी इतकी वर्षं खोटं सांगत आलो."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं जमीन दुभंगेल, पण एवढंच झालं की साहेबांनी मान हलवली आणि "मग जे आहे ते दाखवा," असं म्हणून चालू लागले. मी त्यांना तो उभा सांधा दाखवला, नकाशा उलगडून दिला. त्यांनी एका मजुराकडून पहार घेतली आणि मधल्या तुकड्यात खुपसली. माती भुसभुशीत होऊन खाली आली, दोन दगड आपणहून निघाले. मग ते चुन्याच्या भागाकडे गेले आणि तिथे पहार मारली. पहार वाजली आणि परत आली. त्यांनी दोन्ही जागा पुन्हा एकदा करून पाहिल्या. नंतर पेठेच्या गल्लीपर्यंत चालत गेले, डोळ्यांनी रेघ मापली आणि खुणेचे खुंट दरवाजातून काढून इथे ठोकायला सांगितले. मंजुरी वरून यायला हवी, मी फक्त लिहू शकतो, असं त्यांनी जाताना स्पष्ट सांगितलं.

सगळा उन्हाळा गेला तरी मंजुरी आली नाही. इस्माईलभाई त्या काळात माझ्याशी बोलले नाहीत. काम लांबलं याचा राग होता आणि तो मला समजत होता. पाहुणे त्यांच्या मोटारीतून उतरत, मी त्यांना घेऊन जाई, आम्ही एकमेकांकडे पाहत नसू. भुयार बंद झाल्यावर काही पाहुणे नाराज झाले. एका शेटजींनी तर मला फसवा म्हटलं, कारण त्यांच्या भावाने गेल्या वर्षी ढोल ऐकला होता.

पावसाळा संपता संपता मंजुरी आली आणि मधला तुकडा उतरवायला सुरुवात झाली. इथे एक गोष्ट माझ्या हातून राहिली, तिची बोच अजून आहे. मातीतला दगड रस्त्याच्या भरावाला पुरेना. मी त्या दिवशी पाहुण्यांना घेऊन चौलच्या देवळांकडे गेलो होतो. संध्याकाळी परतलो तर बाजारामागच्या लहान प्रार्थनामंदिराची उरलेली भिंत मजुरांनी खाली घेतली होती. त्यात पंख असलेल्या एका चेहऱ्याचं कोरीव काम होतं. ते फोडून रस्त्यात गेलं. मजुरांचा दोष नव्हता. ती जागा माझ्या फेरीच्या वाटेपासून जरा बाजूला होती, गवत फार, म्हणून मी तिथे कधी कुणाला नेलं नव्हतं. ओव्हरसियर साहेबांनाही नाही. वाटाड्याने जे दाखवलं नाही ते वाचवणार कोण? दुसऱ्या दिवसापासून मी फेरी अर्ध्या तासाने वाढवली आणि आडबाजूची प्रत्येक भिंत तिच्यात घेतली.

रस्ता झाला. पहिली मोटार जायची होती त्या सकाळी सारा गाव खिंडारापाशी जमला. हार, नारळ सगळं होतं. मी दरवाजाजवळ एकटाच उभा होतो. मोटार अलिबागहून आली. आत पेठेतली माणसं, दोन मुंबईची कुटुंबं आणि मागच्या बाजूला मासळी विकून रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या कोळणी. नव्या वाटेकडे वळण्याऐवजी मोटार जुन्या जागी, दरवाजासमोर येऊन थांबली. इस्माईलभाई खाली उतरले. सगळ्यांना उतरायला सांगितलं. लोक कुरकुरले, आता सरळ जाता येतं ना, मग पायी कशाला?

भाई माझ्यासमोर आले. कित्येक महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"मी गाडी पल्याड नेतो," ते म्हणाले. "तू यांना दरवाजातनं घेऊन ये. धा मिंटं लागली तरी चालतील, मी थांबतो. मातर खरं तेवढंच सांग."

मी मान हलवली. भाई मोटारीत बसले, हार घातलेली मोटार खिंडारातून आत गेली, तिकडे ढोल-ताशे वाजू लागले. इकडे मी पंचवीसेक माणसं घेऊन कमानीखाली शिरलो. मुंबईच्या पाहुण्यांना मी रोज सांगायचो तेच सांगू लागलो. पण आज मागे आमचीच माणसं होती. किराणावाले, शिंपी, कोळणी. या दरवाजातून ती जन्मभर गेली-आली होती. मी वर बोट केलं आणि कमानीच्या माथ्यावरचं कोरीव काम दाखवलं. माना वर झाल्या.

एक म्हातारी कोळीण होती. तिने रिकामी टोपली काखेत धरली होती आणि दुसरा हात कपाळावर आडवा धरून ती वर बघत होती. बाकीचे पुढे निघाले तरी ती हलेना. मी जवळ गेलो आणि म्हटलं, "आजी, चला, भाई थांबलेत."

"थांबूं दे," ती म्हणाली. "इतकी वर्सां डोक्यावर टोपली व्हती रं. वर कंदी बगताच आलां न्हाय."